टक्

आमच्या पिकअपचा मालक थोरला भाई. तो असतो मस्कतला, गाडी असते इथे कोकणात आणि चालवतो धाकटा. मी शाळामास्तर, माझ्याकडे फक्त गाडीचे कागद.

जूनअखेर बागेच्या चढावर गाडी रुतली. फोर व्हीलचं बटण दाबलं तर दिवा नुसता लुकलुकत राहिला, पुढची चाकं ढिम्म. शेजाऱ्यांच्या बैलांनी ओढून काढली. मेकॅनिकने खाली वाकून निकाल दिला, "ॲक्च्युएटर गेला. नवा टाका. छत्तीस हजार."

तीन वर्षांनी भाई सुट्टीवर यायचा होता. त्याला न कळवता पैसे भरावेत असं माझ्या मनात होतं, पण धाकट्याने तोवर फोन लावलासुद्धा. भाई तिकडे गॅरेजातच काम करतो. म्हणाला, "मास्तर, पैसे राहू दे. आधी खोलून बघ."

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही द्यायची ती तिथून. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा दांडा ओढावा लागे, आता ते काम एक छोटी मोटर करते. तोच हा ॲक्च्युएटर.

रविवारी पाऊस उघडला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि फोन चाकाला टेकवून मी गाडीखाली शिरलो. 'दुरुस्ती' फारसीतून आली, 'मरम्मत' अरबीतून, हे मी वर्गात रंगवून सांगतो. गाडीखाली दोन्ही निरुपयोगी, तिथे लागतो पाना. बोल्ट काढून मोटर ओढली आणि हातात आली तेव्हा केवढा आनंद झाला!

"खूण केलीस का?" भाईने विचारलं.

कसली खूण? मोटर आणि शाफ्ट कुठे जुळले होते ते काढण्याआधीच आखून ठेवायचं असतं. भाई काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

"आता शाफ्ट पक्कडीने फिरवून बघ." फिरला. म्हणजे ट्रान्सफर केस शाबूत होता, दुखणं मोटरीत. झाकण उघडलं तर आत पाणी शिरलेलं, गरारीवरचं ग्रीस चिखलासारखं आणि मोटर कुठल्या जागी आहे हे सांगणाऱ्या पट्ट्यांवर हिरवा गंज. धाकट्याने कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मी बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासलं. नवं ग्रीस फक्त गरारीला. झाकणाला सिलिकॉन लावून ते सुकू दिलं. मग बॅटरीच्या दोन वायरींनी मोटर क्षणभर इकडे, वायरी उलटवून क्षणभर तिकडे, असं करत खाच शाफ्टशी जुळवली. माझ्या विसरभोळेपणाचे दोन तास त्यातच गेले.

अस्र झाली होती. भाई म्हणाला, "डांबरावर नको, चिखलात ने. आणि यापुढे महिन्यातून एकदा तरी फोर व्हील लावत जा. वापरलं नाही की जाम होतं."

धाकट्याने बटण दाबलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. खालून आवाज आला, टक्.

"ऐकू आला," भाई म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "फोन जवळ धर. पुन्हा एकदा दाबायला सांग त्याला."