१४०४ ची मालकीण

आमच्या दादांनी पसंतीच्या क्रमांकाची जादा फी भरून मोटारसायकलला १४०४ हा क्रमांक घेतला होता. १४ एप्रिल! दादा गेल्यावर नातलग म्हणाले, "गाडी तुमच्या नावावर करा, वहिनीला काय करायची?" खरे सांगतो, आम्हांलाही क्षणभर मोह झाला. मग हिंदू कोड बिल आठवले. ते रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, ते कोणासाठी?

तीस दिवसांत आरटीओला मृत्यूची लेखी खबर दिली. तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून मृत्यूचा दाखला, आरसी व विम्याचा कागद जोडला. आई व मुलांची संमती घेतली.

क्रमांक तोच राहिला, कागदावर वहिनींचे नाव लागले. बंधूंनो, गाडीला निळा झेंडा लावण्याआधी घरातले कागद तपासा. जयभीम!