सोल्यांचे दिवस

मार्गशीर्ष लागला की वऱ्हाडातल्या वावरांत दोन रंग उरतात. वेचणी झालेली कपाशीची पराटी तपकिरी, विटकी होऊन उभी असते आणि तिच्या ओळींमधून डोक्याच्याही वर गेलेली तूर अजून हिरवीगार असते. कुठे पिवळी फुलं, कुठे भरलेल्या शेंगा, दोन्ही एकाच फांदीवर. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याला निघालं, की अध्येमध्ये सोयाबीन काढून पेरलेला हरभरा सोडला, तर खिडकीतून हेच दिसत राहतं. याच अमरावती-अकोला रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून विक्रम नोंदवला गेला. रस्ता पाच दिवसांत झाला. त्याच महिन्यात दोन्ही बाजूंना पेरलेल्या तुरीने मात्र शेंग भरायला डिसेंबर लावलाच.

ही तूर पुढे वाळणार, झोडपली जाणार, अकोल्याच्या एखाद्या दाल मिलमध्ये जाऊन साल टाकणार आणि पिवळी डाळ होऊन कुठल्या कुठे जाणार. पण त्याआधी तिच्या आयुष्यात थोडे आठवडे असे येतात, जेव्हा ती कडधान्य नसते, भाजी असते. दाणा पुरता भरलेला, पण कडक न झालेला. नखाने दाबला की हिरवा गर बाहेर येतो. हे सोले. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणारं अकोला डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतं, तेव्हा घरोघरी या सोल्यांची पातळ भाजी रटरटत असते. दाट, मऊ, हिरवी, वाटीला तोंड लावून प्यावी अशी. तिच्यात दुधाचा थेंब नसतो, लोणी नसतं, साय नसते.

हे मुद्दाम सांगते, कारण याच दिवसांत लग्नं असतात आणि हल्ली मंगल कार्यालयाच्या दारातच सुपाचा काउंटर असतो. एका भांड्यात मंचाव, दुसऱ्यात क्रीम ऑफ समथिंग. कागदी कपातलं ते गरम पाणी कॉर्नफ्लोअरने घट्ट झालेलं असतं, वर पांढऱ्या क्रीमची नक्षी. थंडीत हातात धरायला बरं वाटतं, एवढंच मी त्याच्या बाजूने म्हणेन. त्याच कार्यालयाच्या कुंपणापलीकडे तूर उभी असते आणि आत आपण मक्याच्या पिठाची खळ पितो, याचा मला दर हिवाळ्यात नव्याने राग येतो.

सोल्यांची सुरुवात बाजारात होते. अमरावतीत इतवारा बाजारात, अकोल्यात जनता भाजी बाजारात शेंगांचे ढीग लागतात. "ताई, सकाळीच तोडल्या, पाह्यून घ्या," असं विकणारी म्हणते आणि एक शेंग फोडून दाणे तळहातावर ठेवते. खरंच पाहून घ्यावं. शेंग चपटी असेल तर दाणा कोवळा, भाजीला पाणचट. शेंग फुगून तिच्यावर दाण्यांचे उंचवटे दिसत असतील आणि रंग अजून हिरवा असेल, तर तीच वेळ. रंग पिवळट व्हायला लागला की दाण्यात पिठूळपणा येतो. मग त्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात आणि गप्पा मारत खाव्यात. एखाद्या शेंगेला भोक दिसलं तर दचकू नये. शेंग पोखरणारी अळी तुरीला असतेच आणि तिच्यासाठी फुलोऱ्यापासून फवारण्याही होतात. म्हणून ओळखीच्या घरची, धुऱ्यावरची तूर मिळाली तर दोन पैसे जास्त द्यावेत आणि कुठलीही शेंग आधी पाण्यातून चांगली धुऊन घ्यावी.

मग सोलणं. किलोभर शेंगांचे अर्धा किलोही दाणे निघत नाहीत, नखं मात्र काळी होतात. बहुतेक घरांत ही भाजी मागे पडली ती चवीमुळे नाही, या कामामुळे. पूर्वी दुपारच्या उन्हात ओसरीवर सूप घेऊन तीन-चार बायका बसत आणि शेंगांबरोबर गावातल्या निम्म्या बातम्याही सोलून होत. आता सोललेले दाणे पिशवीत भरून मिळतात. घाई असेल तर घ्यावेत, पण ते पाण्यात भिजवून टवटवीत केलेले नाहीत ना, हे बघावं. भिजलेला दाणा कढईत भाजला जात नाही, नुसता शिजतो, आणि सगळी गंमत भाजण्यात आहे.

चार माणसांना दोन वाट्या दाणे पुरतात. लोखंडी कढईत चमचाभर तेलावर ते मध्यम आचेवर परतायचे. आधी रंग गडद होतो, मग सालीवर बारीक डाग पडतात, एखादा दाणा टचकन उडतो, आणि कच्चा, गवतासारखा वास जाऊन खमंग वास येतो. इथे थांबायचं. त्यातले मूठभर दाणे बाजूला ठेवून बाकीचे लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, जिरं आणि सांबाराच्या काड्या यांच्याबरोबर वाटायचे. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीचा याच्याशी संबंध नाही.) काड्या टाकून देणारी माणसं मला कळत नाहीत, सगळा वास तर तिथे असतो. पाटा असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर तो थांबवत थांबवत फिरवावा, कारण गंधासारखं गुळगुळीत वाटण झालं की भाजी चिकट होते. थोडी रवाळ राहिली की जिभेला काम मिळतं.

त्याच कढईत शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, बारीक चिरलेला कांदा आणि हळद अगदी नावाला. जास्त झाली तर हिरव्याचं पिवळं होतं. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग पाणी, आणि ते उकळतं. माझी आजी इथे चुलीपाशी येऊन उभी राहायची. "थंडं पाणी टाकशीन त चव जाईन बरं," एवढं सांगून परत जायची. त्यामागचं कारण तिने कधी सांगितलं नाही. मी ते असं समजते की गरम वाटणावर गार पाणी पडलं की उकळी थांबते, पुन्हा यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रंगही उतरतो आणि भाजलेला वासही. बाजूला ठेवलेले दाणे आणि वांग्याच्या चार फोडी घालायच्या. झाकण पूर्ण लावायचं नाही, कारण कोंडलेल्या वाफेत हिरवा रंग लवकर मरतो. आंबटाचंही तेच, लिंबू पिळायचं ते ताटात, कढईत नाही. वांगं मऊ झालं की भाजी झाली.

या दाटपणाला बाहेरून काही लागत नाही. दाण्यातलं पिष्ट उकळत्या पाण्यात फुगतं आणि रस्सा आपोआप अंगाला येतो. वाळलेल्या तुरीतही पिष्ट असतंच, शिवाय साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. पण ती डाळ शिजवून घोटावी लागते आणि तिची चव वरणाची. ओल्या दाण्यात साखर अजून शिल्लक असते, म्हणून या भाजीला मागून एक बारीक गोडवा येतो. गूळ घालून तो आणता येत नाही. मी घालून पाहिलेल्यांच्या घरी जेवले आहे.

तूर मूळ भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर. पोर्टो रिकोमध्ये नाताळाच्या जेवणात ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात असतो आणि त्याच दाण्यांचं तांदूळ घातलेलं दाट सूपही. ते लोक त्याला असोपाओ म्हणतात. म्हणजे डिसेंबरच्या एकाच आठवड्यात मूर्तिजापूरच्या आणि सान हुआनच्या स्वयंपाकघरात एकच दाणा शिजतो. तिकडे त्यात मांस आणि केळ्याचे गोळेही पडतात. आपल्याकडे वांगं पडतं. वांग्याच्या बाजूने मी भांडायला तयार आहे.

तुरीचा हिशेब वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मात्र नेहमी इतका गोड लागलेला नाही. 2015 मध्ये तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली. ते बघून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि 2016-17 च्या हंगामात क्विंटलला 5050 रुपये हमीभाव जाहीर असूनही खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, गाड्यांच्या रांगा लागल्या, बाजारातला भाव हमीभावाच्या कितीतरी खाली गेला. 1969 मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही तारा'सारखे वाण दिले. भाव देणं विद्यापीठाच्या हातात नाही. त्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याच्या घरी जेवताना मी सोल्यांची भाजी तिसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा घरची बाई म्हणाली, "घ्या न ताई, हे खाल्लेलीच आपली." घरच्यासाठी तोडलेल्या शेंगेला खरेदी केंद्रावरचं आर्द्रता मोजायचं यंत्र लागत नाही आणि टोकनही लागत नाही. पुढे त्यावर ती काही बोलली नाही, भाकर मात्र आणखी एक टाकली.

भाकर ज्वारीचीच हवी. ती चुरून वाटीत घालावी, वर भाजी ओतावी, कच्च्या तेलाची धार धरावी आणि बाजूला कांदा फोडून घ्यावा. ज्वारीची वावरं सोयाबीनने कमी केली असली तरी दळण अजून मिळतं. भात चालतो, पाव चालत नाही. मुलांना नुसती वाटीभर प्यायला दिली तरी हरकत नाही. तेवढ्या मिरच्या कमी करा.

शेंगा संक्रांतीच्या आसपास संपतात, मग झाडं कापून खळ्यावर जातात. तेव्हा येत्या रविवारी बाजारात जा, दोन किलो शेंगा आणा आणि सोलायला घरातल्या पुरुषांनाही बसवा. राहिलेले दाणे फ्रीझरमध्ये ठेवले तर चालतात, चव थोडी उतरते. साय मात्र घालू नका.