हिरवा उजेड, निळा उजेड आणि अडकलेला काटा

डिस्क्लेमर आधीच देऊन टाकतो. मी काही समीक्षक वगैरे नाही. कॅमेरा अँगल, प्रकाशयोजना यातलं मला ओ की ठो कळत नाही. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की जे समोर येईल ते बघायचं आणि रविवारी त्यावर मतं ठोकायची, एवढाच माझा अधिकार. त्यातही आवड दोनच प्रकारांची : सायन्स फिक्शन आणि सस्पेन्स. रडारड आपल्याला झेपत नाही.

तर सायन्स फिक्शनवाल्यांविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे. सिनेमात किरणोत्सार आला की तो हिरवाच का असतो? हिरवी पोपटी चमक, पिंपातून उतू जाणारा हिरवा चिकट द्रव, मग त्यात कुणीतरी पडणार आणि राक्षस होऊन वर येणार. हे आम्हा ट्रॉम्बेकडच्या लोकांना जरा जास्तच खुपतं. कारण खरा उजेड निळा असतो, आणि भारतात तो सर्वात आधी आमच्याकडे दिसला. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या हौदात बसवलेली भट्टी. इंधनाभोवतीचं पाणी गूढ निळं चमकतं. जानेवारी १९५७ मध्ये नेहरूंनी या भट्टीला 'अप्सरा' नाव दिलं, ते या निळाईवरूनच सुचलं असं सांगतात. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो, निर्वातातल्या वेगाच्या साधारण तीन चतुर्थांश होतो. भट्टीतून निघालेले इलेक्ट्रॉन त्याहून जोरात पळतात आणि पळता पळता हा निळा उजेड सोडतात. चेरेन्कोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला यावर १९५८ चं नोबेल विभागून मिळालं.

मग हिरवा रंग आला कुठून? बहुधा जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरून. पूर्वी अंधारात दिसावेत म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग लावत. तो हिरवा चमकायचा, पण चमक रेडियमची नव्हे, त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडची. लोकांच्या डोक्यात मात्र 'रेडियम म्हणजे हिरवं' हे घट्ट बसलं आणि सिनेमावाल्यांनी ते उचललं.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, रंगावरून काय भांडतोस? करमणूक आहे, बघ आणि सोडून दे." मान्य. पण सिनेमा आपल्याला नुसतं हसवत-रडवत नाही, कशाला घाबरायचं तेही शिकवतो. स्पायडरमॅनचंच बघा. १९६२ च्या कॉमिकमध्ये त्याला किरणोत्सारी कोळी चावला होता. २००२ च्या सिनेमात तोच कोळी जनुकं बदललेला निघाला. मधल्या चाळीस वर्षांत लोकांची भीती बदलली, म्हणून कोळी बदलला. आणि २०१८ चा '२.०' आठवा. मोबाइलच्या रेडिएशनमुळे पक्षी मरतात, म्हणून अक्षयकुमार मेल्यावर राक्षसी पक्षी होऊन सूड घेतो. रजनीकांत आहे म्हटल्यावर मी शेवटपर्यंत बघितला, पैसे वसूल. पण मोबाइलच्या लहरी आणि अणुभट्टीतले गॅमा किरण यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गॅमा किरण अणूतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात, मोबाइलच्या लहरींत तेवढी ताकदच नसते. दोन्हींना 'रेडिएशन' हा एकच शब्द, आणि सिनेमा त्या एका शब्दावर तीन तास काढतो.

सस्पेन्सवाल्यांचं गणित वेगळं. त्यांचा गुरू हिचकॉक. त्याचा 'नटोरियस' (१९४६) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. तळघरात वाइनच्या बाटल्या, आणि बाटलीत वाइनऐवजी युरेनियमचं खनिज! कुठेही काही चमकत नाही, वाळूसारखी भुकटी नुसती. तरी त्या तळघराच्या सीनला घशाला कोरड पडते. कारण वर पार्टी चालू आहे, शॅम्पेन संपत आलीय, आणि ती संपली की घरमालक खाली येणार हे आपल्याला ठाऊक असतं. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि टेबलावरची माणसं मात्र निवांत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं तळमळतो. आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नाही, आणि आपण सांगू शकत नाही. आपला 'पाठलाग' (१९६४) बघतानाही जीव टांगणीला लागतो, पण तिथे ती बाई नक्की कोण हे आपल्यालाही माहीत नसतं. ते कोडं झालं. कोडी मला आवडतात, पण टेबलाखालच्या बॉम्बची तळमळ वेगळी.

या कसोटीवर आपल्याकडचा 'परमाणु' (२०१८) घासून बघू. १९९८ च्या पोखरण चाचण्यांवरचा सिनेमा, म्हणजे अर्धा आमच्या गावचाच. जॉन अब्राहमचा काल्पनिक अधिकारी, त्याच्यावर संशय घेणारी बायको, गावात मुक्काम ठोकून बसलेले हेर, मारामारी... सगळा मसाला आहे. पण खरी गोष्ट याहून भारी होती हो! डिसेंबर १९९५ मधली तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली होती आणि चाचणी बारगळली होती. त्यामुळे १९९८ ला कामं मुख्यतः रात्री करायची आणि उजाडायच्या आत यंत्रं जिथल्या तिथे नेऊन ठेवायची. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात. कलामांचं नाव मेजर जनरल पृथ्वीराज, चिदंबरम यांचं मेजर जनरल नटराज. बीएआरसीचे तेव्हाचे संचालक आपले अनिल काकोडकर. आणि ११ मेच्या दिवशी सगळं तयार असताना वारा फिरेना! वस्तीच्या दिशेने वाहणारा वारा बदलेपर्यंत थांबावं लागलं आणि दुपारी ३.४५ ला स्फोट झाले. शत्रू डोक्यावर, तोही वेळापत्रकाप्रमाणे येणारा, आणि मोठमोठे शास्त्रज्ञ वाऱ्याची वाट बघत बसलेत. यात हेर कशाला घुसवायचा?

उत्तर सोपं आहे. सिनेमाला चेहरा लागतो. वाऱ्याला चेहरा नाही, हेराला आहे. तिकीटबारीपुरतं हे ठीक. पण हीच सवय आपण खऱ्या घटनांना लावतो तेव्हा घोळ होतो.

होमी भाभांचा मृत्यू घ्या. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ११७ माणसं गेली. आजही चहाच्या टपरीवर विषय काढा, चारातले तीन जण ठामपणे सांगतील की तो घातपातच होता. 'रॉकेट बॉइज' (२०२२) ही मालिका मला मनापासून आवडली, जिम सर्भचा भाभा झकास आहे, पण तिलाही सीआयएचा मोह आवरला नाही. अधिकृत चौकशीत मात्र वेगळंच निघालं. विमानाच्या दोन दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होतं. वैमानिकाचा अंदाज चुकला आणि माँ ब्लाँ मागे पडला असं त्याला वाटलं. जिनिव्हाच्या रडारवर बसलेल्या नियंत्रकाला चूक दिसली. त्याने ती सांगितलीही! पण शब्द पुरेसे नेमके नव्हते, वैमानिकाने वेगळा अर्थ घेतला आणि तो विमान खाली आणत राहिला.

हा हिचकॉकचा बॉम्बच झाला की. एकाला दिसतंय, तो सांगतोय, आणि दुसऱ्यापर्यंत ते पोचत नाहीये. मला तर ही हकीकत कुठल्याही सीआयएपेक्षा जास्त भयानक वाटते. सीआयए असेल तर निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळतं. इथे कुणाला देणार?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे पटकन पटेल. रात्री दोनला सिस्टीम बसते तेव्हा मॅनेजरचा पहिला प्रश्न "कुणी हॅक केलं का?" आणि लॉग उघडून बघावं तर नव्याण्णव टक्के वेळा एका प्रोग्रॅमने पाठवलेल्या निरोपाचा दुसऱ्याने भलताच अर्थ घेतलेला असतो. डॅशबोर्ड मात्र हिरवागार :-)

म्हणूनच अणुऊर्जेवरचे जे दोन सिनेमे मला सगळ्यात जास्त आवडतात (दुसरी खरं तर मालिका आहे), त्यात भीती मीटरच्या काट्यात आहे. पहिला 'द चायना सिंड्रोम' (१९७९). भट्टीतलं पाणी जास्त झालंय असं काटा दाखवतो म्हणून माणसं ते कमी करत सुटतात. मग जॅक लेमन काचेवर टिचकी मारतो आणि अडकलेला काटा धाडकन खाली येतो. पुढे कंपनीतली लबाड माणसं वगैरे येतात, पण सिनेमा लक्षात राहतो तो त्या टिचकीमुळे. तो १६ मार्चला लागला आणि बारा दिवसांनी, २८ मार्चला, अमेरिकेतच थ्री माइल आयलंडला खरा अपघात झाला. तिथे एक झडप उघडी अडकली होती. पॅनेलवरचा दिवा ती बंद झाल्याचं सांगत होता, कारण दिवा फक्त बंद व्हायचा हुकूम गेला की नाही एवढंच दाखवायचा! झडप प्रत्यक्षात बंद झाली का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी 'चेर्नोबिल' (२०१९). शेजारचे एक काका बीएआरसीतून रिटायर झालेत, त्यांच्यासोबत ती पाहिली. काका कामाबद्दल जन्मात कधी बोलत नाहीत. पण मालिकेतले साहेब लोक "३.६ रोंटजेन, म्हणजे काही विशेष नाही" म्हणाले, तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "अरे, मीटर तेवढंच दाखवतंय कारण त्याची हद्दच तेवढी आहे. एवढं कळू नये?" पुढच्या भागात एका बाईच्या पोटातलं बाळ आईच्या वाटचा किरणोत्सार शोषून घेतं असं आलं, तेव्हा मात्र "हे काहीही दाखवतात" म्हणून उठले आणि चहा टाकायला सांगून आले. एका वाक्यात समीक्षण! मालिकेत अशा थापा आहेतच. पण ३.६ चा आकडा खरा आहे. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री हातातल्या मीटरचा काटा शेवटच्या रेषेवर टेकला होता आणि वरिष्ठांनी तोच आकडा खरा मानला.

विशेष म्हणजे अशा गोष्टी लिहिण्याची परंपरा मराठीत आहे आणि तीही आमच्या आसपासच. मराठी विज्ञान परिषद इथून जवळच, चुनाभट्टीला. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. ते जयंत विष्णु नारळीकर निघाले, आद्याक्षरं उलटी केलेली. बाळ फोंडके तर बीएआरसीतलेच शास्त्रज्ञ. या मंडळींच्या कथांत खलनायकावाचून काही अडत नाही. एखादा सिद्धांत, एखादा नियम, आणि त्याच्यापुढे माणसाची उडालेली तारांबळ. मराठी पडद्यावर मात्र विज्ञानपट विरळाच. 'फुंतरू' (२०१६) सारखा एखादा प्रयत्न होतो आणि पुन्हा शांतता. बजेट नाही म्हणतात. अहो, काटा अडकायला कितीसं बजेट लागतं?

आता हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय ते सांगतो. आमच्या भागात जोराचा आवाज झाला, कसला वास आला, की लोकांची पहिली नजर बीएआरसीकडे जाते. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "भीती नाही वाटत?" कुंपण, पहारा, फोटो काढायला बंदी, सगळंच सिनेमासारखं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तिथेही शिवडीकडून निघालं की डाव्या हाताला काही अंतर आडोसा उभारलाय, बीएआरसी दिसू नये म्हणून. जे झाकलंय तिथेच बॉम्ब असणार, ही सस्पेन्सची पहिली शिकवण. भट्टीचा धाक असायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही.

पण जे उघड्यावर आहे त्याचं काय? कुंपणापलीकडे माहुल आहे. रिफायनऱ्या, रसायनांच्या टाक्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं की इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाडा गावांतल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. ८ ऑगस्ट २०१८ ला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट होऊन चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. झोपड्या तुटलेल्या कुटुंबांना महापालिकेने याच माहुलच्या इमारतींत पाठवलं होतं. त्यांच्यावर तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ती माणसं वर्षानुवर्षं सांगत होती, खोकला आहे, त्वचेचे आजार आहेत, श्वास लागतो. सांगणारे होते, ऐकणारा पॅनेलवरचा दिवा बघून निवांत होता. यात हिरवी चमक नाही, हेर नाही, तीन डोळ्यांचा मासा नाही. म्हणून यावर कुणी सिनेमा काढत नाही, आणि सिनेमा नाही म्हणून पाहुणे विचारत नाहीत, "माहुलची भीती नाही वाटत?"

असो. लेख सिनेमावरून सुरू झाला आणि रिफायनरीपर्यंत गेला, पण आमच्याकडे सगळे रस्ते तिथूनच जातात. या वीकेंडला वेळ असेल तर 'द चायना सिंड्रोम' शोधून बघा. जुना आहे, संथ आहे, गाणी नाहीत. ती टिचकी आली की मला कळवा.