समोरचं दार

कुवेतहून परतलो तेव्हा मुलुंडच्या चाळीत आम्हाला लोक निर्वासित म्हणत. बाबांना ते झोंबायचं. "आपण आपल्या घरी आलोय," ते म्हणायचे. घर म्हणजे काकांच्या दोन खोल्या, नि त्यात आधीच पाच माणसं.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि थोड्याच दिवसांत दिनाराला कोणी विचारेना. बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या हद्दीवरच्या तंबूंपर्यंत बसनं, पुढे अम्मानहून विमानानं सहारला. एअर इंडियानं दोनेक महिन्यांत ४८८ फेऱ्या करून लाखावर माणसं आणली. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. मला मात्र रांगा आणि तहान एवढंच आठवतं.

वाळवंटातल्या कुवेतमध्ये समुद्राचं पाणी गोडं होऊन चोवीस तास नळाला यायचं, आणि इथे धो धो पावसातही पिंप भरून ठेवायचं. शाळेत सहामाही तोंडावर. मुली मला 'कुवेत' म्हणूनच हाक मारत. पण दिवाळीनंतर मीही नळावर कळशी पुढे सरकवून भांडायला लागले.

सुटलं ते कुवेतमधल्या हवल्लीतलं समोरचं दार. तिथे एक पॅलेस्टिनी कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. तिचे आजोबा १९४८ साली हैफाहून निघालेले. तिनं हैफा पाहिलं नव्हतं, तरी गाव विचारलं की हैफाच सांगायची. मी मुलुंड सांगायची. पण मी सुट्टीत तिथे जाऊन येत असे. हा फरक तेव्हा कुठे कळायला!

निघताना आईनं भरलेलं सिलिंडर, तांदळाचं पोतं, डाळी त्यांच्याकडे दिल्या. तिच्या आईनं झातरचा मसाला नि तेल लावून भाजलेल्या रोट्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. कागदाला तेल फुटून अरबी मथळे रोट्यांवर उलटे उमटले होते. बगदादपर्यंत आम्ही त्याच खाल्ल्या.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाईसाठी यादी करताना आईनं सिलिंडर नि तांदूळ लिहू दिले नाहीत. बाबांनी वाद घातला नाही. शिवणयंत्राची किंमत जराशी वाढवली.

फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत सुटलं. पॅलेस्टिनींचे नेते अराफात सद्दामच्या बाजूनं बोलले होते, त्याचा राग तिथल्या साध्या पॅलेस्टिनी माणसांवर निघाला. युद्धाआधी कुवेतमध्ये चारेक लाख पॅलेस्टिनी होते, त्यांतले बहुतेक देशोधडीला लागले. 'आपल्या घरी आलोय' म्हणणारे बाबा वर्षभरात पुन्हा नोकरीवर तिकडेच गेले. जुन्या इमारतीच्या हारिसनं, म्हणजे राखणदारानं, त्यांना सांगितलं, समोरचे अम्मानला गेले. बाबांनी पत्रात एका ओळीत तेवढं कळवलं आणि पुढच्या ओळीत ड्राफ्ट पाठवल्याचं.

अम्मान. आम्हाला तिथे घरी नेणारं विमान मिळालं होतं. तीही आता माझ्यासारखीच पन्नाशीकडे झुकली असेल. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर ती अजून हैफाच सांगते, की हवल्ली, एवढं मला तिला विचारायचं आहे.