घरात कोणीतरी जागं हवं

आमचं माकणी तेरणेच्या काठचं, निम्न तेरणा धरणाचं गाव. इथल्या शेतीला वर्षानुवर्षं लाईट पाळीनं मिळत आली, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की ओल्या बांधावरून, साप-विंचवाच्या भीतीनं, बॅटरी घेऊन मोटारीपर्यंत जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी शेतकऱ्याची ही पायपीट ओळखून मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' तयार केलं. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आता मोबाइल स्टार्टर खेड्यापाड्यांत दिसतो.

मी संगणकांची जाळी सांभाळणारा माणूस. पुण्यात राहतो, पण जमिनीचे जुने कागद, हिशेब, फोटो असं सगळं माकणीच्या घरातल्या संगणकात आहे. तो दिवसरात्र चालू ठेवायचा नाही आणि लागेल तेव्हा, त्या मोटारीसारखाच, पुण्यातून उठवायचा, एवढीच माझी गरज. त्यासाठीची सोय जुनी आहे. 'वेक ऑन लॅन' हे तंत्र नव्वदच्या दशकात आलं, आणि त्यातल्या संदेशाला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात. त्यात जादू मात्र कसलीच नाही. आधी सहा बाइट एकसारखे, सगळे एफएफ. त्यामागे त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता सोळा वेळा. एकूण 102 बाइट. संगणक बंद असला तरी त्याच्या वीजपुरवठ्यातली पाच व्होल्टची एक वाट जिवंत असते आणि त्यावर नेटवर्क कार्ड कान देऊन बसलेलं असतं. आपला पत्ता सोळा वेळा ऐकू आला की ते मदरबोर्डाला उठवतं.

ही हाक घरातल्या जाळ्यापुरती असते. गल्लीत मारलेली हाक गल्लीतच ऐकू येते, तसंच. पुण्याहून ती थेट पोचत नाही. मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक नेमक्या आपल्या दारात येतच नाही. म्हणून घरात एक छोटं यंत्र कायम चालू ठेवायचं. माझ्याकडे रास्पबेरी पाय आहे. एलईडी बल्बपेक्षाही कमी वीज खातं. पुण्याहून मी व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेनं त्याच्यापर्यंत पोचतो आणि घरातली हाक तेच मारतं.

एका पावसाळ्यात हाक मारूनही संगणक उठेना. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "भावजी, लाईट रात्रीच गेली होती. आता आलीय, पण ह्यो गपगारच हाय." वीज पूर्ण गेली की काही मदरबोर्डांचं नेटवर्क कार्ड ऐकणंच सोडतं, आणि संगणक हातानं एकदा चालू करेपर्यंत बहिरंच राहतं. उपाय बायोसमध्ये आहे. वीज परत आल्यावर संगणकानं आपोआप सुरू व्हावं, अशी तिथे सोय असते. ती लावली, आणि राउटर व रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर घेतले. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद केलं, कारण त्या पद्धतीनं बंद झालेला संगणक बहुधा अशी हाक ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट मोटारीकडून शिकण्यासारखी आहे. मोबाइल स्टार्टर लाईट आहे का, मोटार चालू झाली का, हे उलट कळवू शकतो. मॅजिक पॅकेटला उत्तर नसतं. त्यामुळे हाक मारली की पिंग करून संगणक खरंच उठला का, ते पाहावंच लागतं. बंद करताना तर मोटारीचा नियम इथे चालतच नाही. मोटारीची वीज तोडली की काम संपलं. संगणकाची वीज स्मार्ट प्लगनं तोडली तर अर्धवट लिहिलेली फाइल आणि डिस्क दोन्ही धोक्यात येतात. त्याला आतून, त्याच्याच आज्ञेनं झोपवायचं.

बाहेरून संगणकात शिरायची सोय हवी म्हणून राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं 3389 क्रमांकाचं दार जगाला उघडं ठेवणारे मी पाहिले आहेत. असं करू नका. अशी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास इंटरनेटवर असतात.

दिवाळीला गावी याल, भाऊबीज करून परत निघाल. त्याआधी दोन चाचण्या घ्या. मोबाइलचं वायफाय बंद करून त्याच्या डेटावरून संगणक उठवून, झोपवून पाहा. मग संगणक बंद असताना घराचा मेन स्विच दहा मिनिटं पाडा, पुन्हा चढवा, आपोआप सुरू झालेला संगणक झोपवा आणि तीच परीक्षा घ्या. दुसऱ्या परीक्षेत तो पास झाला, तरच गाव सोडा.