झरोका

जयपूरचा हवामहाल सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधविला. त्याला ९५३ झरोके आहेत, असे सांगतात. वारा आत यावा, राजस्त्रियांना रस्ता दिसावा, पण रस्त्याला त्या दिसू नयेत, हे त्या झरोक्यांचे काम.

त्याच नगरात आज संगणक जोडणाऱ्याच्या हाती पत्र्याची एक पातळ चौकट असते : आय-ओ शील्ड. तिचे कामही दुहेरी. तारांना वाट द्यायची आणि विद्युतचुंबकीय गोंगाट अडवायचा. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स प्रकारच्या पेटीत तिची जागा सुमारे १५९ बाय ४४ मिलिमीटर असते. ती आतून, मदरबोर्डाच्या आधी बसवायची. चारही कोपरे घट्ट बसले की मगच बोर्ड सरकवायचा. तिची लवचीक पाती पोर्टांच्या धातूला बाहेरून टेकावीत. एखादे पाते पोर्टातच शिरले, तर तेथे तार बसत नाही.

सारे स्क्रू आवळून झाल्यावर ती चौकट टेबलावरच राहिल्याचे ध्यानात येते. मग बोर्ड पुन्हा काढण्यावाचून गत्यंतर नसते. कौशल्य उणे पडलेले नसते. क्षुल्लक मानलेल्या वस्तूचा क्रम तेवढा चुकलेला असतो. झरोकाही भिंत पुरी झाल्यावर सुचून चालत नाही.