माय लायची शाळा

व्हिएतनामच्या क्वांग न्गाई शहराजवळ माय लाय हे भातशेतीचे गाव आहे. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी येथे निःशस्त्र बायका, मुले, म्हातारे मारले. स्मारकात आम्ही ५०४ मृतांची यादी पाहिली. वाटांच्या सिमेंटवर सैनिकी बुटांचे आणि अनवाणी पावलांचे ठसे आहेत. तेथून चालताना आम्ही कोणीच बोललो नाही.

माइक बोम त्या कत्तलीत नव्हते, पण त्याच युद्धात अमेरिकेचे सैनिक होते. १९९२ मध्ये ते इतर माजी सैनिकांसोबत व्हिएतनाममध्ये दवाखाना बांधायला परतले. तेव्हाच माय लायला येऊन त्यांनी मृतांसाठी व्हायोलिन वाजवले. पुढे अमेरिकेतील मॅडिसनच्या क्वेकर पंथीयांच्या साथीने त्यांनी या भागातील गरीब स्त्रियांना छोटी कर्जे मिळवून दिली, गावात मुलांसाठी प्राथमिक शाळा उभारली.

शाळेने गेलेले जीव परत येत नाहीत, आणि माफ करणे न करणे हा त्या घरांचा हक्क आहे. पण कुरआन तौबेसोबत इस्लाहही सांगतो, म्हणजे बिघडलेले सुधारणे. युद्धाचे ओझे घेऊन जगणाऱ्या माणसाला ती वाट इथल्या मुलांच्या वर्गात सापडली. आम्हा शिक्षकांना वर्गाची ही किंमत नव्याने कळली. अखेरचा हिशेब अल्लाहकडे.